दोन अख्ख्या कुप्या

१

गयाबाईचा भाऊ बबन अंबरनाथच्या रंगाच्या कारखान्यातून निवृत्त झाला आणि त्याच महिन्यात त्याची मुलगी मनाली ॲम्ब्युलन्सवर कामाला लागली, ते साल दोन हजार तेवीस. बुवापाड्यातल्या त्या घरातून रोज सकाळी एक डबा बाहेर पडायचा. तो पडतच राहिला, फक्त नेणारा हात बदलला.

चार महिने बरे गेले. मग नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी डबा संध्याकाळी घरी आला तो जसाच्या तसा भरलेला. मनाली गणवेशातच मोरीच्या उंबऱ्यावर बसली. बबनने विचारलं, आईने विचारलं, ती बोलेना. शेवटी शेजारच्या खोलीतून तिच्या आत्याला बोलावलं.

गयाबाई म्हणजे सरळ बाई. नवरा लवकर गेला, पोर ना बाळ. उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलात बत्तीस वर्षं वॉर्डात आया होती. चाळिशी ओलांडल्यावर संध्याकाळच्या वर्गात जाऊन वाचायला शिकली, त्यामुळे अजूनही अक्षरावर बोट ठेवून वाचायची. घाईने काही वाचलं असं तिच्या हातून कधी झालं नाही.

"काय गं, काय झालं?"

"आत्या, माणूस गेला माझ्या हातात."

"माणसं जातात. मी शेकड्यांनी पाहिली. तेवढ्यासाठी भाजी-भाकरी परत आणायची नसते."

"ते म्हणतात मी औषध दिलंच नाही. खोटं लिहिलं म्हणतात."

मग तिने सांगितलं ते असं. एमआयडीसीतल्या एका कंपनीत पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ होतं. रंगाऱ्यांनी शिडी लावली आणि मोहोळ उठलं. बाकीचे पळाले, पण श्रीपाद केळकर नावाचे अधिकारी लोकांना आत घ्यायला थांबले आणि सापडले. मनालीची गाडी जवळच उभी होती, आठ मिनिटांत पोचली. तोवर माणसाचे ओठ सुजले होते, श्वासाला शिट्टी लागली होती, नाडी हाताला लागत नव्हती. अशा वेळी ॲड्रेनलिन हे एकच औषध, तेही तातडीने, मांडीत. तिने कुपी फोडून दिलं. पाच मिनिटांनी दुसरी कुपी फोडून पुन्हा दिलं. सोबत ॲलर्जीवरचं ॲव्हिल दिलं, ऑक्सिजन लावला. सलाईनसाठी शीर सापडली नाही. हॉस्पिटलच्या दारात गाडी शिरली आणि माणूस संपला.

"मी कागद भरायला तिथेच थांबले. आमचा ड्रायव्हर आकाश गाडी घेऊन स्टँडवर गेला, कारण आज तपासणी होती. मी रिक्षाने मागून पोचले तर त्यांचा मुलगा स्टँडवर ओरडत होता. तपासणीवाले साहेब उभे. सगळ्यांसमोर औषधांची पेटी उघडली. आत्या, दोन्ही ॲड्रेनलिन आत होत्या. अख्ख्या. ॲव्हिल पण अख्खं. फोडलेल्या काचा मी झाकणाच्या कप्प्यात ठेवते, तो कप्पा रिकामा."

"गाडीत मागे तुझ्यासोबत कोण होतं?"

"कोणी नाही. आकाश गाडी चालवत होता."

"अंगावर सुईची खूण?"

"दीडशे ठिकाणी माश्यांनी डसलंय. त्यात सुईचं भोक कोण शोधणार?" मनाली एकदम चिडली. "परवाच्या शनिवारी चामटोलीला फवारणीचं विष भिनलेली बाई मी जगवली. पेटीतलं सगळं ॲट्रोपिन तिच्यावर संपवलं, नवं अजून मिळालेलं नाही. तेव्हा कोणी पेटी उघडून बघायला आलं नाही!"

येत्या शनिवारी अकरा वाजता कंपनीच्या कचेरीत बैठक होती. खोटं लिहिलं असं ठरलं तर नोकरी जाणार होती, सर्टिफिकेट जाणार होतं, आणि पोलिसांत तक्रार होणार होती. घरातलं एकजण बरोबर आणायला सांगितलं होतं.

मनालीचा आवाज खाली गेला. "आत्या, मी खरंच फोडल्या होत्या ना गं? मला आता माझाच भरवसा वाटेना."

गयाबाईने तिचा उजवा हात ओढून दिव्याखाली धरला. अंगठ्याच्या कडेला केसाएवढ्या दोन ताज्या चिरा होत्या. घाईत, कापूस न लावता कुपीची मान मोडली की अशी चीर पडते. वॉर्डातल्या नर्सांचे असे अंगठे तिने बत्तीस वर्षं पाहिले होते.

"फोडल्यास," ती म्हणाली. "आता त्या गेल्या कुठे, तेवढं बघायचं. ऊठ, जेव."

२

गुरुवारी सकाळी गयाबाई बदलापूरला केळकरांच्या दारात उभी राहिली. चपला बाहेर काढल्या आणि कोण आहे ते आधीच सांगून टाकलं. चोरून आत जायचा तिचा स्वभाव नव्हता.

दार उघडणारा सोहम, मयताचा मुलगा. सत्तावीस-अठ्ठावीसचा, डोळे तारवटलेले. "तुम्हाला लाज कशी वाटत नाही? तुमच्या भाचीने माझ्या बाबांना..."

"सोहम," आतून त्याची आई वृंदाबाई म्हणाली, "त्यांना आत येऊ दे. दारात ओरडू नकोस, शेजारी ऐकतायत."

गयाबाई खुर्चीच्या कडेवर बसली. भिंतीजवळ पणती जळत होती. पाणी आलं, ते तिने घेतलं.

"तुम्ही काय सांगायला आलात?" वृंदाबाईंनी विचारलं.

"सांगायला काही नाही, बाई. बघायला आले. पेटी उघडली तेव्हा तुमच्या मुलाने मोबाईलवर काढलंय म्हणे."

"का? पुरावा खोटा पाडायला?" सोहम म्हणाला. "हॉस्पिटलच्या डॉक्टरांनीच सांगितलं मला, ॲड्रेनलिन वेळेवर गेलं असतं तर माणूस बहुतेक सावरतो. म्हणून मी गेलो बघायला. बॉक्स फुल्ल होता. बाबांना एक थेंब दिला नव्हता."

"पुरावा खरा असेल तर माझ्या बघण्याने तो खोटा होत नाही."

वृंदाबाईंनी मुलाच्या हातून मोबाईल घेतला आणि स्वतः लावून दिला. चित्र चाळीस सेकंदांचं. नारिंगी पेटी, झाकण उघडलं जातं, सोहमचं बोट दोन छोट्या तपकिरी कुप्यांवर येतं, आवाज चढतो. सगळ्यांनी आजवर तेवढंच पाहिलं होतं.

गयाबाईने चष्मा लावला. "पुन्हा लाव, बाळा. सावकाश लावता येतं का?"

"बाळा वगैरे नका म्हणू मला," सोहम म्हणाला, पण चित्र सावकाश लावलं.

तिने ॲड्रेनलिनकडे पाहिलंच नाही. ती बाजूच्या रांगांवर बोट ठेवून नावं लावत गेली. पेटीतल्या प्रत्येक खणावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी होती. ॲस्पिरिनच्या गोळ्यांची पट्टी, एकही गोळी न काढलेली. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची पट्टी, तीही कोरी. साखर उतरलेल्याला द्यायच्या डेक्स्ट्रोजच्या मोठ्या कुप्या. मग ए, टी, आर, ओ... ती थांबली. चार महिने रोज माणसं उचलणाऱ्या गाडीत एकही पट्टी कापलेली नाही? आणि शनिवारी संपलेल्या ॲट्रोपिनची रांग पुरी दहाची, दहा.

"झाकण पुन्हा दाखव. वरून."

झाकणाच्या उजव्या कोपऱ्यात नखाएवढा हिरवा कागद चिकटलेला होता. काहीतरी चिकटवलेलं घाईने ओढून काढलं की मागे राहतो तसा.

"काय सापडलं?" वृंदाबाईंनी विचारलं.

"बाई, तुमच्या मुलाने जे पाहिलं ते खरंच आहे. ही पेटी कोणी उघडलीच नव्हती." गयाबाई उठली. "पण तुमच्या मालकांजवळ गेली ती पेटी ही नव्हे."

३

ॲम्ब्युलन्सवाली कंपनी लहान होती. तिच्या तीन गाड्या. एक उल्हासनगर कॅम्प पाचला, एक अंबरनाथला, एक बदलापूरला. कारखान्यांच्या संघाने तिन्ही गाड्या ठेक्याने घेतल्या होत्या आणि दर सहा महिन्यांनी संघाचे दोन साहेब त्या तपासायला यायचे. सगळा कारभार मॅनेजर समीर बघायचा.

अंबरनाथच्या गाडीचा ड्रायव्हर आकाश चहाच्या टपरीवर सापडला.

"या मावशी, जय भीम. कटिंग घ्या. मनाली कशी आहे?"

"जेवते. तू कसा आहेस?"

"आपलं काय, स्टेअरिंग आणि सायरन. पेशंट बसला की देवाचं नाव घ्यायचं आणि सिग्नल तोडायचा."

"मंगळवारी तू हॉस्पिटलातून निघालास तो थेट स्टँडवर?"

"एकदम थेट. समीर साहेबांचा फोन होता, इन्स्पेक्शन आहे, गाडी आण, धुऊन ठेव. धुतली."

"पेटी कुठे होती?"

"गाडीतच. जशी होती तशी. आपण तिला हात नाही लावत, आपलं डिपार्टमेंट नाही ते."

"कोणी आलं गेलं?"

"कोण येणार? मी आणि पाण्याचा पाईप."

गयाबाईने चहा फुंकला. "तपासणी झाली की साहेब लोक काय करतात रे? सही?"

"सही रजिस्टरला. आणि पेटीवर हिरवा स्टिकर मारतात, तारखेचा, तसाच एक रजिस्टरात. म्हणजे पास."

"तुमच्या पेटीला मारला का परवा?"

"कुठला मारतात! तो पोरगा आला, राडा झाला, साहेब लोक पेटी जप्त करून निघून गेले. चेकिंग झालंच नाही."

"मग झाकणावर हिरवा कागद कुठून आला?"

आकाशचा ग्लास ओठापाशी थांबला. त्याने तो तसाच खाली ठेवला.

"आकाश, कॅम्प पाचच्या गाडीची तपासणी त्या दिवशी आधी झाली ना?"

"अकरा वाजता," तो हळूच म्हणाला.

"आणि तुमची एकला."

"मावशी, माझ्या दोन पोरी शाळेत आहेत. घराचा हप्ता आहे. मला यात नका ओढू, प्लीज." त्याने पैसे ठेवले आणि उठला. चार पावलं जाऊन परत आला. "मी काही सांगितलं नाही, हां. फक्त बदलापूरला जाऊन विचारा, मंगळवारी तीन वाजता त्यांची गाडी कोणता पेशंट घेऊन गेली होती. बस."

४

बदलापूरच्या गाडीवर तेजस्वी नावाची मुलगी होती. मनालीच्या बरोबरच शिकलेली. ती गाडीच्या मागच्या पायरीवर बसून पेरू खात होती. गयाबाईला पाहून उभी राहिली, अर्धा पेरू पुढे केला.

"दात नाहीत त्याला," गयाबाई म्हणाली. "तू खा. मंगळवारी तुमची तपासणी काय म्हणाली?"

"झाली नाही ना. साहेब लोक तीन वाजता येणार होते, पण तेवढ्यात कॉल आला. इमर्जन्सी."

"कुठला?"

"चामटोलीकडे."

"काय झालं होतं पेशंटला?"

"चक्कर."

"बाई का बाप्या?"

तेजस्वीने पेरूचा घास गिळला. "बाई."

"मग तिला डेक्स्ट्रोज दिलंस का? चक्कर म्हणजे आधी साखर बघायची, आमच्या वॉर्डात असंच होतं. कागद भरला असशील. दाखव."

तेजस्वी हसायला गेली आणि तिला हसता येईना. "मावशी, तुम्ही पोलिसात जायला हवं होतं."

"मला उंची कमी पडली. पेशंट नव्हताच ना?"

"नव्हता," ती म्हणाली. "समीर सरांचा फोन आला पावणेदोनला. गाडी बाहेर काढ, सायरन लावून जा, पाच वाजेपर्यंत परत येऊ नकोस. आम्ही चामटोलीच्या फाट्यावर झाडाखाली उभे होतो. तिथेच हे पेरू मिळतात. का जायचं ते मी विचारलं नाही. इकडे असं विचारत नाहीत."

गयाबाईने हाताची तीन बोटं वर केली. एक बोट दुमडलं. "अकराला कॅम्प पाच, पेटी पास झाली, हिरवा कागद लागला." दुसरं दुमडलं. "एकला अंबरनाथ. हिरवा कागद ओढून काढला, पेटी तिकडे ठेवली." तिसरं बोट तिने तेजस्वीपुढे धरलं. "तीनला ती तुझ्याकडे यायची होती. पण ती साहेबांनी जप्त केली. मग तुझ्या गाडीत दाखवायला काही उरलं नाही, म्हणून तुला पळवलं. पोरी, तुमच्या तीन गाड्यांत मिळून चांगली पेटी एकच आहे."

तेजस्वीने उरलेला पेरू पायरीवर ठेवला.

"आमच्या घरी पाहुण्यांसाठी एक ट्रे असतो," ती म्हणाली. "एरवी कपाटात. तसंच आहे ते. स्कूटरवरून आणतात, तपासणी झाली की घेऊन जातात. मनाली नवी, तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी मंगळवारपासून झोपले नाहीये."

"कोण आणतं स्कूटरवरून?"

"स्टोअरचे काका. श्यामकांत काका."

गयाबाईने पदर सावरला. श्यामकांतला ती ओळखत होती. वीस वर्षं एकाच हॉस्पिटलात, ती वॉर्डात आणि तो औषधांच्या खिडकीत.

५

कॅम्प पाचला एका कपड्याच्या दुकानाच्या वर कंपनीचं स्टोअर होतं. शुक्रवारी दुपारी गयाबाई जिना चढून गेली. श्यामकांत टेबलामागे बसला होता, तेच चष्म्याचं जाड भिंग, तोच बाह्यांचा स्वेटर. त्याच्या मागे भिंतीवर त्याच्याच हाताने लिहिलेली पाटी होती. रिकामी द्या, भरलेली न्या.

"ही पाटी हॉस्पिटलातली ना?" गयाबाई म्हणाली.

"तीच पद्धत. फोडलेली ॲम्प्यूल दाखवल्याशिवाय नवी नाही. नाहीतर औषधं बाहेर विकतात लोक. बसा, गयाबाई. केस पांढरे झाले तुमचे."

"तुमचे तर गेलेच."

दोघं हसली, पण थोडंच. गयाबाई थेट विषयावर आली. पेट्यांची अदलाबदल कशी झाली ते तिने त्याला एका दमात सांगितलं, जणू ती तिथे उभीच होती. श्यामकांतने नाही म्हटलं नाही. चष्मा काढून पुसला.

"पावणेएकला पोचलो मी. आकाश गाडी धूत होता. मी चांगली पेटी आत ठेवली, मनालीची डिकीत टाकली आणि रस्त्यापलीकडे थांबलो. तपासणी झाली की पुन्हा बदलायची, नेहमीसारखी. तेवढ्यात तो मुलगा आला."

"आणि तुम्ही गप्प राहिलात."

"समीर साहेब म्हणाले, बोललात तर ठेका जाईल, तिन्ही गाड्या बंद, बारा घरांची चूल विझेल. एका पोरीची नोकरी गेली तर तिला दुसरी मिळेल, असं म्हणाले."

"तिचं नाव गेलं तर दुसरं मिळतं का?"

श्यामकांतने टेबलावरचं रजिस्टर मिटलं.

"तिच्या पेटीतल्या फोडलेल्या काचा?"

"फेकून द्या म्हणाले साहेब."

गयाबाई उठली नाही. ती त्या पाटीकडे बघत बसली. वीस वर्षं तिने या माणसाला पाहिलं होतं. तुटकी कुपी कचऱ्यात टाकली म्हणून त्याने एकदा मोठ्या सिस्टरलाही खिडकीतून परत पाठवलं होतं.

"श्यामकांतभाऊ," ती म्हणाली, "तुम्ही फेकल्या नाहीत."

त्याने खालचा खण उघडला. आत जामच्या बरण्या ओळीने होत्या, प्रत्येकीत कागदाची चिठ्ठी, गाडी आणि तारीख. त्याने एक बरणी टेबलावर ठेवली. आत ॲव्हिलची एक कुपी आणि दोन तपकिरी कुप्या होत्या, तिघींच्याही माना मोडलेल्या. चिठ्ठीवर लिहिलं होतं, अंबरनाथ, मंगळवार.

"हात धजला नाही," तो म्हणाला. "रिकामी काच म्हणजे माझ्या लेखी पावती. पावती फाडता येत नाही मला. घेऊन जा. विचारलं तर मी दिली म्हणून सांगेन."

मनाली सुटली. गयाबाईच्या छातीवरचं ओझं उतरलं. तिने बरणी उजेडाकडे धरली आणि सवयीप्रमाणे तपकिरी कुपीवरची बारीक अक्षरं एकेक करून लावायला घेतली. औषधाचं नाव. बनवल्याची तारीख. मुदत.

मुदतीवर तिचं बोट थांबलं. तिने ती ओळ तीनदा वाचली. दुसरी कुपी वाचली. मग बरणी पिशवीत ठेवली आणि श्यामकांतला एकच प्रश्न विचारला.

"तुमच्या पाटीप्रमाणे, न वापरता जुनं झालेलं औषध कोणी बदलून मागितलं, तर?"

श्यामकांतने वळून पाटीकडे पाहिलं. "त्याची रिकामी काच नसते," तो म्हणाला.

६

"सप्टेंबर," गयाबाई म्हणाली.

बुवापाड्यात संध्याकाळचे सात वाजले होते. बरणी दोघींच्या मध्ये जमिनीवर होती. मनालीने ती पाहिली तेव्हा तिच्या तोंडावर आनंद यायला हवा होता. तो आला नाही. तेव्हाच गयाबाईला कळलं.

"दोन्हींची मुदत सप्टेंबरला संपली. नोव्हेंबरात दिलंस. तुला माहीत होतं."

"हो."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"कोणालाच नाही सांगितलं." मनाली गुडघे जवळ घेऊन बसली. "जुलैमध्ये पेटी ताब्यात घेतली तेव्हाच तारीख बघितली होती. ऑगस्टमध्ये नवं मागितलं. काका म्हणाले, रिकामी आण. फोडून टाकून रिकामी नेली तर खोटा पेशंट लिहावा लागला असता. समीर सरांना मेसेज टाकला. ते म्हणाले, चालतं दोन-चार महिने, हे औषध लागतं कधी? खरंच लागत नाही, आत्या. डेक्स्ट्रोज रोज लागतं, ॲस्पिरिन रोज लागतं, म्हणून ते रोज नवं मिळतं. हे वर्षातून एकदा लागतं. म्हणून तेच नेहमी जुनं."

"मग दिलंस कशाला?"

"दुसरं होतंच काय? न देता बसले असते तर पाच मिनिटंही टिकले नसते. पहिल्या इंजेक्शनने नाडी थोडी लागली, देवाशपथ लागली. मग पुन्हा गेली." तिने बरणीकडे पाहिलं. "मला वाटलं, खोटं लिहिलं म्हणून नोकरी गेली तर जाऊ दे. निदान त्या बाईंना हे तरी कळणार नाही."

बबन दारात उभा राहून ऐकत होता. "ताई," तो बहिणीला म्हणाला, "ही बरणी उद्या नेलीच पाहिजे का? तो श्यामकांत तोंडी सांगेल ना, पेट्या बदलल्या म्हणून. काचा दाखवायची काय गरज?"

"तोंडी सांगितलेलं समीर तोंडीच उडवेल," गयाबाई म्हणाली. "काच बोलली तर पूर्ण बोलेल. फोडली हेही सांगेल, जुनी होती हेही सांगेल. अर्धी काच मला बोलवता येत नाही." तिने बरणी मनालीकडे सरकवली. "तुझं नाव आहे, तूच ठरव. मी नेणार नाही आणि टाकणारही नाही."

मनाली उशिरापर्यंत तिथेच बसून राहिली. सकाळी गयाबाई उठली तेव्हा मनालीने गणवेशाला इस्त्री केली होती. बरणी जमिनीवर नव्हती.

७

कचेरीत टेबलाच्या एका बाजूला संघाचे दोन साहेब होते आणि त्यांनी आणलेले एक डॉक्टर. दुसऱ्या बाजूला सोहम आणि वृंदाबाई. समीर मध्ये, पुढ्यात कागदांची थप्पी. त्याने सुरुवात केली. कर्मचाऱ्याने औषध न देता दिल्याची नोंद केली, कंपनीला खेद आहे, कारवाई करण्यात येत आहे.

"माझ्या पेटीतल्या कुप्या या," मनाली म्हणाली आणि बरणी टेबलावर ठेवली.

"ही कुठून आणली?" समीर म्हणाला. "कचऱ्यातून उचलल्या असतील. साहेब, हे असले नाटक..."

"मी दिली," दारातून श्यामकांत म्हणाला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. त्याच्या मागे तेजस्वी होती, आणि तिच्याही मागे, अर्धा दाराआड, आकाश.

मग पेट्यांची गोष्ट निघाली. एका साहेबाने ताब्यात घेतलेली पेटी मागवली. झाकणावरचा हिरवा तुकडा कॅम्प पाचच्या रजिस्टरात लावलेल्या स्टिकरशेजारी धरला. रंग तोच, छपाई तीच. समीर दोनदा बोलायला उठला आणि दोनदा बसला.

"म्हणजे हिने दिलं होतं," सोहम म्हणाला. तो मनालीकडे पहिल्यांदाच नीट बघत होता. "तुम्ही दिलं होतंत."

"दोनदा दिलं," मनाली म्हणाली. "पण कुपीवरची तारीख वाचा."

गयाबाईने डोळे मिटले.

डॉक्टरांनी बरणी फिरवून वाचलं. वृंदाबाईंनी विचारलं, "नवीन असतं तर वाचले असते?"

"सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "मुदत संपली म्हणजे औषध लगेच पाणी होत नाही. पण गाडीच्या उन्हात याचा जोर कमी होतो. किती झाला होता ते आता कोणी सांगू शकत नाही. इतक्या माश्या डसल्यावर ताज्या औषधानेही माणूस जातो. हिने जे होतं ते बरोबर जागी, बरोबर वेळी दिलं."

"तुम्ही हे सांगितलं नसतं तरी सुटल्या असतात," सोहम मनालीला म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता की दुसरं काही, ते गयाबाईला उमगलं नाही.

"हो," मनाली म्हणाली.

वृंदाबाईंनी खुर्ची तिच्याकडे वळवली. मग एवढंच म्हणाल्या, "ते शुद्धीवर होते का? काही बोलले?"

"पहिल्या इंजेक्शननंतर थोडा वेळ. विचारत होते, सगळे आत गेले का. मी हो म्हटलं."

वृंदाबाईंनी पदर तोंडाला लावला.

सोहमने खोट्या नोंदीची तक्रार त्याच दिवशी मागे घेतली आणि दुसरी लिहून दिली, ती कंपनीच्या नावाने. समीर गेला. ठेका दुसऱ्या ठेकेदाराकडे गेला आणि तिन्ही गाड्यांवरची माणसं त्याने ठेवून घेतली, फक्त मनालीला चौकशी संपेपर्यंत दोन महिने घरी बसवलं. मुदत संपलेलं औषध जाणून दिलं, अशी तिच्या सेवापुस्तकात नोंद झाली. ती कायमची राहिली. तिने त्याखाली सही केली.

कंपनीच्या रजिस्टरात त्या मंगळवारच्या पानावर समीरने लिहिलेला मजकूर साहेबांनी आडव्या रेघेने खोडला आणि खाली नवा लिहिला. गयाबाईने तो अक्षरावर बोट ठेवून वाचला. त्यात कोणाचा दोष, कोणाचा नाही, असं काही नव्हतं. लिहिलं होतं ते एवढंच. ॲड्रेनलिन अकरा बावन्नला आणि अकरा सत्तावन्नला दिले. दोन्ही कुप्या मुदतबाह्य. श्रीपाद विष्णू केळकर, वय एकोणसाठ, मंगळवार, एकवीस नोव्हेंबर दोन हजार तेवीस रोजी दुपारी बारा वाजून बावीस मिनिटांनी मृत्यू पावले.